बॉनेटवरचा पांढरा ढग

गाडी कालच घरी आली होती आणि आज तिच्या बॉनेटवर एक पांढरा ढग उमटला होता. शाल्मलीने तो ओल्या फडक्याने पुसला. ओलं असेपर्यंत ढग नाहीसा झाला. वाळताच परत आला. हे कसं काय?

तसा ढग तिनेच आणला होता. आईने पूजेत बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. त्याचे ओघळ वाळून घट्ट बसले, म्हणून शाल्मली बॉनेटवर गुडघा टेकून ते घासत बसली. ओघळ गेले, मागे राहिले असंख्य ओरखडे आणि गुडघ्याएवढा पोचा.

अपघातानंतर बाबांचे पाय चालेनासे झाले होते. ही गाडी नुसत्या हातांनी चालवता येणारी होती. आज चार वाजता, तीन वर्षांनी, बाबा स्वतः गाडी चालवणार होते.

तिने कॉलनीच्या दुरुस्ती-यंत्रमानवाला, ठाकठीकला, हाक मारली.

"वा! गाडीवर घसरगुंडी खेळलीस का?" तो म्हणाला.

"चिडवू नकोस ना. चारच्या आत होईल?"

"बघू. आधी पोचा. स्टीलची पट्टी थोडी वाकवून सोडली तर काय होतं?"

"सरळ होते."

"ही लवचीकता (ताण सुटताच मूळ आकारात परतण्याचा गुण). पण फार वाकवली तर वाकडीच राहते. पोच्याच्या कडेला पत्रा तसा मर्यादेबाहेर वाकलाय. मधला भाग परतू पाहतो, कडा त्याला अडवते."

"मग मधे जोरात ढकल!"

"म्हणजे खड्ड्याच्या जागी टेंगूळ येईल." ठाकठीकने बॉनेट उघडून एक बारीक दांडा आतून कडेला टेकवला. तो हळूहळू, कडेकडेने दाबत गेला. शेवटी 'टक्' असा आवाज झाला आणि पोचा भरून आला.

"आता ढग. रंगावर एक पारदर्शक लेप आहे. तो बहुवारिकाचा (साखळीसारख्या लांब रेणूंच्या पदार्थाचा) असतो. गुळगुळीत लेपावरून प्रकाश एकाच दिशेला परततो, म्हणून चकाकी दिसते. ओरखड्यांच्या कडांवरून तो वाटेल तिकडे विखुरतो, म्हणून पांढरं दिसतं."

"आणि ओलं केल्यावर पाणी त्या चरांमध्ये भरतं!" शाल्मली म्हणाली. "म्हणून ढग जातो."

"शाबास! हा लेप नव्या जातीचा आहे. ऊब मिळाली की त्याच्या साखळ्या सैल होतात, सरकतात आणि पुन्हा एकमेकींना धरतात. थिजलेल्या तुपावरची रेघ उबेने बुजते ना, जवळजवळ तसंच. फक्त हा लेप वितळत नाही. बरं, घासलंस कशाने?"

"फडक्याने," ती पटकन म्हणाली.

"मग सोपं आहे." ठाकठीकच्या तळहातावरचा दिवा लाल झाला. हात बॉनेटकडे झुकला.

लेपावरचे चर मिटणार. आणि त्यांत जे अडकलं असेल ते?

"थांब! फडक्याने नाही," शाल्मलीचा आवाज चिरकला. "भांड्यांच्या तारेच्या घासणीने."

दिवा विझला. "बरं झालं सांगितलंस. तारेचे कण लेपात अडकून कायमचे राहिले असते."

त्याने चुंबक फिरवला, मग मऊ चिकणमातीने एकेक कण टिपला. त्यानंतर ऊब दिली. ढग विरळ होत गेला. एक चर मात्र तसाच राहिला. शाल्मलीने त्यावरून नख फिरवलं, ते अडकलं.

"हा लेपाखाली रंगापर्यंत गेलाय," ठाकठीक म्हणाला. "रंग भरतो, पण खूण दिसेल. बाकीचे बारीक ओरखडे उन्हात मिटतील."

तेवढ्यात चाकांच्या खुर्चीतून बाबा आले. शाल्मलीने सगळं सांगितलं, घासणीसकट. बाबांनी खुणेवर बोट फिरवलं आणि एकदम हसले.

"शालू, सकाळपासून एकच धास्ती होती मला. एवढी कोरी गाडी, पहिला ओरखडा माझ्याच हातून पडला तर? ती काळजी तू मिटवलीस की!"

"बाबा!"

"पण घासणी पुन्हा गाडीजवळ दिसली ना, तर आठवडाभर भांडी तुझ्याकडे."

गाडी फाटकाबाहेर पडली. बाबांनी आधी ती अगदी हळू घेतली, मग वेग वाढवला. शाल्मली पुढच्या काचेतून बघत होती. उन्हात बॉनेटवरच्या रेघा एकेक करून पुसट होत होत्या.

"बाबा, कण आपोआप बाहेर ढकलणारा लेप असतो का?"

"अजून तरी ऐकला नाही."

"मग आधी साखळ्यांना कण ओळखायला शिकवावं लागेल," ती पुटपुटली आणि विचारात बुडाली.