तांडेलाच्या फोटोवरचा हार

मचवा बुडाल्याची बातमी कळव्यात आली, त्या दिवशी रंगूबाईंनी संध्याकाळचा भात नेहमीएवढाच टाकला. नवरा मचव्याचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या, मीठ भरून गेलेला. बाकीचे खलाशी किनाऱ्याला लागले, मेलेले. तो लागला नाही. म्हणून रंगूबाईंनी कुंकू पुसलं नाही. नव्वदीला टेकल्या तरी नाही.

प्राचीला हे ठाऊक नव्हतं. ती डोंबिवलीची. ठाण्याच्या खाडीकाठी नवं संग्रहालय होत होतं, तिथलं बुडालेल्या गलबतांचं दालन ती सजवत होती. तांडेलाचा फोटो त्याच्या मुलाने, गुणाजींनी पाठवला होता. गेलेल्या माणसाचा फोटो नुसता कसा लावायचा, म्हणून तिने चंदनाचा हार आणला आणि शिडीवर चढून घातला.

"तो हार काढा," खालून कुणीतरी म्हणालं.

निळ्या शर्टातला एक तरुण वर बघत होता. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र.

"आपण कोण?"

"त्यांचा नातू. नयन."

"मग नमस्कार करा की."

"माणूस परत यायचा असेल तर त्याला हार घालत नाहीत."

ती हसली. तो हसला नाही. ती खाली उतरली, तेव्हा त्याने आजीचं सगळं सांगितलं.

"रविवारी उद्घाटनाला आजी येणार आहे. तिला हे दिसलं तर… त्यापेक्षा फोटो मी घेऊनच जातो."

फोटो गेला की मुख्य भिंत रिकामी.  प्राचीने पुन्हा वर चढून हार काढला. मग फोटोखालची पाटीही उचकटली. 'समुद्रात बुडून मृत्यू' असं तिनेच छापून घेतलं होतं.

"पाटी कशाला काढलीत? आजीला वाचता येत नाही."

"कुणीतरी वाचून दाखवेलच ना."

नयनने ती पाटी तिच्या हातातून घेतली. फोटो तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी तो घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून आला. मचव्याच्या प्रतिकृतीचं शीड नीट लागलंय का बघायला, म्हणे. मग डोलकाठी बघायला आला. त्यानंतर मात्र बहाणा संपला.

"आज काय तपासणार?" प्राचीने विचारलं.

"आज… तुम्ही जेवलात का, ते."

"डब्यात वांग्याचं भरीत आहे. आगरी माणसाला चालेल?"

"सोमवारी चालतं. बाकीच्या दिवशी विचार करावा लागतो."

"आज बुधवार आहे."

"केला विचार."

रविवारी रंगूबाई आल्या. नयनने नवी पाटी वाचून दाखवली — 'मीठ भरून निघाले. अजून परतले नाहीत.' म्हातारी फोटोजवळ सरकली. हळूच पदर सारखा केला. मग प्राचीचा दंड चाचपून म्हणाली, "बरा केलास गो पोरी. पन कवरी बारीक हायेस. तुला कोन जेवाया घालतं का नाय?"

"मी घालीन," नयन म्हणाला.

प्राचीचे कान तापले. तो चेष्टा करतोय का, म्हणून तिने पाहिलं. तो करत नव्हता.

"किती दिवस?"

"तू म्हणशील तेवढे."

"मासे साफ करणार नाही मी."

"मी करीन."

"मग… रोज," ती म्हणाली.

रंगूबाई दात नसलेलं तोंड उघडून हसल्या.

डोंबिवलीला प्राचीच्या आईबाबांना सांगायचं मात्र अजून बाकी होतं.