आबांची अर्धी ओवी

बस गं मोनिका. तो एमर्जन्सी लाइट खिडकीत नको, इकडं टेबलावर ठेव. खिडकीतून फाटक दिसतं आणि मला आज फाटक बघायचं नाही. वॉर्डात पेशंट एकच, तोही सलाईन लावून घोरतोय. लाइट काही इतक्यात येत नाही. तू रोज विचारतेस ना, ताई, गाडी फाटकापाशी उभी असताना एसटीचे धक्के कशाला खाता म्हणून? सांगते. पण हसायचं नाही, आणि मी थांब म्हटलं की थांबायचं.

गाडी माझ्या वडिलांची, आबांची. मेंढरं विकून शेतीला लागले तेव्हा घेतलेली, तीही कुणाची तरी वापरलेली. हॉर्न सोडून सगळं वाजतं तिचं. टेप मात्र कंपनीनं बसवलेला, अजून ठणठणीत. पेनड्राइव्हला जागा नाही, मोबाईल जोडायची सोय नाही, फक्त सीडी गिळतो. त्यातही नखरे. साधी एमपीथ्रीची दिली की थुंकून टाकतो, ऑडिओ करून आणली तरच वाजवतो. केडगावला स्टेशनजवळ एक दुकानदार आहे. तो म्हणायचा, ताई, अख्ख्या तालुक्यात आता सीड्या करून घेणाऱ्या तुम्हीच, तुमच्यासाठी मशीन ठेवलंय. मी हौसेनं करून घ्यायची. मार्करनं वर लिहायची, ‘जाताना’, ‘येताना’. भांडगाव ते शिरूर एवढा रस्ता, बाजूला बोलायला कोणी नाही. गाणी तरी हवीत की नाही?

माझं घर तुला माहीतच आहे. आई मी लहान असतानाच गेली. सासरी माझे काय हाल झाले ते आता उगाळत नाही. पण एक सांगते. मी कुणाला काही कळवलं नव्हतं, तरी आबा एके दिवशी याच गाडीनं आले. दारात उभे राहिले. भांडले नाहीत, चहा घेतला नाही. “चल पोरी,” एवढंच म्हणाले. मी नेसत्या साडीनिशी निघाले. कपाटाची किल्लीसुद्धा तिथंच राहिली. त्या दोन शब्दांवर मी कुठंही गेले असते बघ.

आबा ओव्या म्हणायचे. आम्हा धनगरांत ओवी एकट्याची नसते. एक जण ओळ म्हणतो, दुसरा तिच्यामागं झील ओढतो, म्हणजे ठरलेलं पालुपद धरतो. झील मिळाली की मगच पुढची ओळ. आबांची झील त्यांचे जोडीदार माऊली आप्पा ओढायचे. दोघं बैठकीला बसले की कुत्रीसुद्धा गप पडायची. आबांचा एक नेम होता, “झील धरली का मग ओवी सरस्तवर सोडायची न्हाई. मधीच सोडली का म्हणणारा वाटंत अडकतो.” आम्ही हसायचो.

माऊली आप्पा वारले आणि आबांचं गाणं बंद झालं. मग शेवटच्या आजारपणात एकदा दुपारी स्वतःच म्हणाले, मोबाईल चालू कर. मला घेऊन आले त्यावर त्यांनी ओवी रचली होती. एक मेंढका लांबच्या रानातून लेकीला न्यायला निघतो, एकेक गाव मागं टाकत जातो. ओवीतली गावंही आपलीच. आणि गंमत सांगू? एक ओळ म्हणायचे आणि गप बसायचे. झिलीला लागतो तेवढा वेळ. मान डोलवायचे, जणू आप्पा ओढतायत. मग पुढची ओळ. न्हावरा मागं टाकलं, बाप भीमेच्या काठाला आला, इथवर आले आणि खोकला लागला. “ऱ्हाऊ दे. उद्या म्हणू,” म्हणाले.

तो उद्या काही आला नाही.

दिवस घातल्यावर मी ते रेकॉर्डिंग केडगावला नेलं. दुकानदार म्हणाला, मधल्या मोकळ्या जागा काढून टाकू का? ऐकायला बरं वाटेल. मी नको म्हटलं. आबा आपले गप बसलेले तरी ऐकू येतात, श्वास येतो त्यांचा. सीडीवर मी ‘आबा’ लिहिलं.

तेव्हापासून ‘जाताना’ नाही आणि ‘येताना’ नाही, फक्त आबा. सगळ्या रस्त्यानं तेच. बरं वाटायचं गं. वेडी म्हण हवं तर, पण मी बाजूच्या सीटवर पिशवीही ठेवायची नाही. पुढं पुढं त्या मोकळ्या जागा मला सोसवेनात. आबा ओळ म्हणतात, थांबतात, आणि कोणीच उत्तर देत नाही. हाक मारून माणसानं ताटकळत बसावं तसं वाटायचं. एका दुपारी पहिली पाळी करून निघाले होते. न्हावऱ्याच्या पुढं दोन्हीकडं ऊस, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आबांची ओळ झाली आणि मी झील धरली.

काय सांगू तुला! गळा असा मोकळा झाला. प्रत्येक ओळीला झील ओढत गेले. रडत होते आणि ओढत होते. बाप भीमेच्या काठाला आला, मी झील दिली. आता खोकला येणार, म्हणून हात टेपाकडं नेला.

खोकला आलाच नाही.

“पान्यात पाय घातला...” आबा म्हणाले.

गाडी तेव्हा पारगावच्या पुलावर होती. खाली नदी. मला वाटलं, मोबाईलमध्ये पुढचं काही राहिलं असेल, मी कधी ऐकलं नसेल. मनाला काहीही समजावता येतं. आबा गप झाले. वाट बघत होते. मी झील दिली. काचा बंद, बाहेर रणरणतं ऊन, आणि गाडीत ओल्या घोंगडीचा वास सुटला. मेंढराच्या लोकरीचा, भिजल्यावर येतो तो.

मग रोज थोडं पुढं. ओवीतल्या बापानं चौफुल्याला इसावा घेतला. भांडगावची येस ओलांडली. मी झील देत गेले. भ्यायले नाही का? भ्यायले. पण घरी जाऊन कुणाशी बोलायचं होतं मी? भिंतीशी? आबा येतायत एवढं कळत होतं, आणि मला ते हवं होतं. ते कशाला येतायत हे मी विचारलं नाही स्वतःला.

ते त्यांनीच सांगितलं. कामावर निघाले होते, गाडी नुकतीच अंगणातून बाहेर काढली होती. “आईनं सांगावा धाडला... लेकीला घिऊन या...”

आई जाऊन किती वर्षं झाली, मोनिका.

तरी सवयीनं तोंडातून झील गेली. लगेच पुढची ओळ आली. “अंगनात बाप आला... लेक घरी न्हाई, लेक दवाखान्यात...”

दुसऱ्या दिवशी येताना गाडी मच्छिंद्र वायरमनकडं नेली. त्याला एवढंच सांगितलं की सीडी अडकतेय. त्यानं काढून दिली. ती मी आपल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लावली, तू होतीस तेव्हा. आठवतं? भीमेचा काठ, खोकला, उद्या म्हणू. संपली. त्यापुढं काही नाही तिच्यावर. ती मी पर्समध्ये टाकली. म्हटलं, चला, सुटले.

संध्याकाळी घरी जायला गाडीत बसले. टेप रिकामा. पडद्यावर ‘नो डिस्क’ अशी अक्षरं. किल्ली फिरवली.

“दवाखान्याच्या फाटकात बाप आला...”

आणि गप. मोकळी जागा. आबांचा श्वास तेवढा येत होता. वाट बघत होते.

मी ओठ असे दाबून धरले की रक्त आलं. कारण पुढची ओळ मला माहीत आहे. ती कोणी शिकवायला नको. दोनच शब्द आहेत त्या ओळीत, आणि ते आबांच्या तोंडून ऐकले की मी निघणार. नेसत्या साडीनिशी निघणार. मला ‘नाही’ म्हणता यायचं नाही, मोनिका, माझी मला खात्री आहे.

म्हणून झील दिली नाही. किल्ली काढली, दार लावलं आणि एसटीनं घरी गेले. मच्छिंद्रनं येऊन बॅटरीची वायरही काढून ठेवलीय. फाटकाजवळून जाताना मी मान खाली घालते. बॅटरी नाही, सीडी नाही, तरी काचेला कान लावला तर श्वास येतो. आबा उभे आहेत. म्हाताऱ्या बापाला मी फाटकात उभं करून ठेवलंय, आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडते. जगायचं आहे मला गं. एकटीनं का होईना. काल खुरपायला बायका होत्या, त्यांच्यात बसून भाकरी खाल्ली तर किती गोड लागली. पुढच्या महिन्यात गाडी भंगारात देणार आहे. तोवर एकच पाळायचं. झील द्यायची नाही. कुणीच.

तू नको घाबरू. तुला ती झील ठाऊकच नाही. मुद्दामच नाही सांगितली, एवढ्या सगळ्या गोष्टीत एकदासुद्धा तोंडातून काढली नाही.

मोनिका?

अगं, ओठ का हलतायत तुझे? मघापासून बोटानं टेबलावर ठेका धरलायस, मला वाटलं डास मारतेयस. काय म्हणतेयस? जरा मोठ्यानं... नको. नको, थांब. थांब म्हणते ना! ही चाल कुठं ऐकलीस तू? आबा आणि माऊली आप्पा सोडून कुणाला ही...

ओढलीस. पूर्ण ओढलीस.

खिडकी लाव. लाव आधी. बाहेर पाऊस नाही ना? मग ओल्या घोंगडीचा वास कुठून येतोय?