उणे पाणी

शिरूरच्या कार्यालयात माणसांची नावं असतात आणि दौंडच्या कार्यालयात मीटरचे आकडे. मधल्या गावांची पाणीयोजना एकच आहे, पण दोन्हीकडची सॉफ्टवेअर दोन वेगळ्या कंपन्यांनी बनवली, आणि एकाचं दुसऱ्याला कळत नाही. त्यांची गाठ घालून देणं हे माझं काम. नवं कनेक्शन झालं की ग्राहकाचं नाव आणि मीटर नंबर मी इकडून तिकडे पाठवते. तिकडून रोज सकाळी फाइल येते, प्रत्येक मीटरनं काल किती पाणी मोजलं त्याची. बहुतेक ओळी आपोआप आपापल्या नावाखाली जाऊन बसतात. ज्या बसत नाहीत त्या लाल होऊन माझ्या स्क्रीनवर उरतात.

कारणं साधी असतात. कुणाचा मीटर बदललेला असतो आणि कळवलेलं नसतं, कुठे नंबर टाकताना दोन आकड्यांची अदलाबदल झालेली असते. मी भौतिकशास्त्र शिकले आहे. कारण सापडेपर्यंत मला चैन पडत नाही, आणि इथे ते सहसा जेवणाच्या सुट्टीआधी सापडतं.

दिवाळीनंतर एक ओळ रोज लाल यायला लागली. ग्राहक अनसाबाई कोकरे, कोकरेवस्ती. वापर उणे. त्या घरानं पाणी घेण्याऐवजी लाइनीत परत दिलं होतं. शिरूरच्या सॉफ्टवेअरला असं काही असू शकतं हेच माहीत नाही, त्यामुळे ते ती ओळ परत फेकायचं.

"उलटा बसला आसंल," बाळासो म्हणाला. बाळासो आमचा फिटर. मीटरवर पाण्याच्या दिशेचा बाण असतो. घाईत तो न बघता मीटर बसवला की आकडे मागे पळतात. आमच्याकडे हे होतच असतं. "आन् त्या वस्तीवर समदे मीटर म्याच बसवल्यात. तवा वरडायचं तर आत्ताच वरडून घ्या मॅडम."

कोकरेवस्ती भीमेच्या काठाला आहे, आमच्या लाइनीच्या शेवटच्या टोकाला. ऊस तुटून गेला होता, पाचट जाळल्याचा वास हवेत होता. घरं उंचवट्यावर, नदी खाली. अनसाबाईचं घर पत्र्याचं, दोन खोल्यांचं. दोरीवर काळी घोंगडी वाळत होती आणि दारात दोन मेंढ्या बांधलेल्या. नळ अंगणात, सिमेंटच्या ओट्यापाशी.

बाळासोनं मीटरवरची धूळ अंगठ्यानं पुसली, वाकून पाहिलं, पुन्हा पुसली.

"बाण बरोबर हाय," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा नाराजच होता.

अनसाबाई बाहेर आली. साठीच्या आतली, काटक, ताठ मानेची बाई. "कारं बाळासो, नळाला हार घालायला तूच हुतास न्हवं?"

"व्हय मावशी. पेढं बी म्याच संपीवलं."

"ते दिसतंयच," ती त्याच्या पोटाकडे बघून म्हणाली.

घरात मोटार आहे का, वर टाकी आहे का, मी विचारलं. "मोटार कशाला वो? दोन मेंढरं आन् मी." मी घराभोवती फिरून आले. टाकी नव्हती, विहीर नव्हती. एक रांजण होता, अर्धा भरलेला.

बाळासोनं मीटर बदलला. शिवाय पाणी उलटं येऊ न देणारी झडप बसवली. "आता न्हाई येत," असं मीटरलाच बजावून तो उठला.

दुसऱ्या दिवशी ओळ लाल होती.

मी दौंडहून तासातासाचे आकडे मागवले. पाणी उलटं यायचं ते रोज उजाडताना. साधारण एका खेपेचं पाणी, एकदम. त्या वेळी त्या लाइनीला पुरवठाच नसतो. पाइप रिकामा असतो. रिकाम्या पाइपात अंगणातल्या नळातून पाणी शिरायचं तर कुणीतरी ते ढकलायला हवं, आणि ढकलायला आधी ते तिथं असायला हवं.

बाळासोला घेऊन पुन्हा गेले तेव्हा मी तपासणीची पेटी नेली. शेजारच्या दगडाबाईंच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं आणि क्लोरीन तपासायचे थेंब टाकले. योजनेचं, क्लोरीन घातलेलं पाणी असेल तर पिवळं होतं. ते तसंच राहिलं. नळी उन्हात धरली तर तळाशी बारीक काळा गाळ बसत होता. शेवाळाचा वास येत होता.

"ग्वाड लागतंय वो ह्ये पाणी," दगडाबाई म्हणाल्या. "नदीवाणी. पर पोरांची पोटं बिघडायलीत." मग अनसाबाईच्या दाराकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. "तिची प्रगती नदीवरच गेली, ठावं हाय ना तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं.

प्रगती अनसाबाईची मुलगी, वीस वर्षांची. नळ यायच्या आधीच्या उन्हाळ्यात गेली. पाइप येऊन रस्त्याकडेला पडले होते, खोदाई तेवढी राहिली होती. ती नेहमीसारखी उजाडताना नदीवर गेली, हंडा आणि वर कळशी घेऊन. डोहापाशी चप्पल मिळाली. "पाण्यात माणसं उतरली, गळ टाकलं. पोरगी न्हाई घावली. हंडा बी न्हाई, कळशी बी न्हाई."

मी अनसाबाईच्या ओट्यावर जाऊन बसले. तिनं मला चहा दिला आणि समोर टेकली. नळातून नदीचं पाणी कुठून येतं, हे मी शक्य तितक्या सरळ विचारलं.

"तुम्ही कवा डोक्यावर पाणी वाह्यलंय?"

"नाही."

"मग तुम्हाला कसं कळावं." ती हे रागानं म्हणाली नाही. "भराया गेलं की काठावर चार बाया आसत्यात, हात लावत्यात, हंडा डोक्यावर चढतो. घरी आल्यावर मातुर एकटीला उतरवता येत न्हाई. दारात कुणीतरी उभं ऱ्हावं लागतं. मी ऱ्हायची. आजून ऱ्हाती."

"ती येते?"

"उतरवून घ्याया मी उठती. पुढं पाणी कुठं जातंय, मला काय ठावं?"

"दिसते का तुम्हाला?"

ती मनगट चोळत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या सायबाला सांगून नळ तोडाल तुम्ही. न्हाई म्हणू नका, बाळासोचं त्वांडच सांगतंय. नळ तोडला की माझा ल्योक शंभू मला हितं ऱ्हाऊ देणार न्हाई, सणसवाडीला न्हील. त्यो न्हील वो, पर तिनं काय करायचं? भरला हंडा डोक्यावर घिऊन कुठवर हिंडंल ती?"

मी चहाचा कप ओट्यावर ठेवला.

दौंडच्या साहेबांचा फोन आला. नदीचं कच्चं पाणी पिण्याच्या लाइनीत मिसळतंय, कुठेतरी चोरून जोडणी असणार, ते कनेक्शन आजच्या आज बंद करा. ते बरोबर होतं. मुलं आजारी पडत होती. त्यांच्या जागी मी असते तर हेच बोलले असते.

बंद करायला वस्तीवर जावं लागत नाही. शिरूरच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकापुढे 'बंद' लिहून पाठवलं की दौंडला तो निरोप पोचतो आणि मीटरमधली छोटी झडप आपोआप फिरते. मी लिहिलं. थोडा वेळ थांबले. मग पाठवलं.

सकाळी त्या नावाची लाल ओळ नव्हती.

त्याच आठवड्यात शंभूचा फोन आला. तो सणसवाडीला कंपनीत आहे. "आईला घिऊन आलो मॅडम. नळ न्हाई म्हणल्यावर तितं कसं ठिवायचं? नदीवर तर तिला पुन्हा न्हाई जाऊ द्यायचा मी." मग म्हणाला, "निगताना दार लावू दिना. घर उघडं टाकून आलो."

त्यानंतर दगडाबाईंची ओळ लाल आली.

अगदी थोडं पाणी, पेलाभर. पुढच्या सकाळी ती ओळ नीट होती आणि पलीकडच्या घराची लाल होती. मग त्याच्या पुढच्याची. दिवसाला एकच घर, आणि प्रत्येक ठिकाणी पेलाभर.

मी पाइपांचा नकाशा काढला. त्यावर ही घरं एकमेकांजवळ नव्हती. पाइप कालव्याच्या चारीच्या कडेनं जातो, मध्ये फुटतो, आणि ही घरं वेगवेगळ्या फाट्यांवर होती. पाइपातला कुठलाही बिघाड या क्रमानं पुढे सरकू शकत नाही.

मी बाळासोला बोलावलं. त्यानं बोट ठेवून घरं मोजली. बोट एकदाही उचललं नाही.

"ही पायवाट हाय," तो म्हणाला. "वस्तीवरनं उसातनं न्हावऱ्याच्या रस्त्याला निगती. शंभू आईला त्याच वाटंनं घिऊन गेला."

"आणि हे पाणी?"

त्यानं टोपी काढली आणि हातात धरली. "चालताना हंडा हिंदकळतो मॅडम."

मी तेव्हाच निरोप उलटा फिरवायचा प्रयत्न केला. अनसाबाईच्या नावापुढे 'चालू' लिहून पाठवलं. दौंडनं तो स्वीकारला, झडप उघडल्याची खूण परत आली. त्या नळातून काहीच आलं नाही, ना इकडून ना तिकडून. घरात कुणी नव्हतं. लाल ओळ रस्त्याच्या दिशेनं पुढे जात राहिली.

रस्त्याला लागून त्या वाटेवरचा आमच्या योजनेचा शेवटचा मीटर आहे, एका चहाच्या टपरीचा. त्याची ओळ लाल आली आणि दुसऱ्या दिवसापासून सगळी फाइल हिरवी यायला लागली. दौंडच्या साहेबांनी फोन करून कौतुक केलं.

तिथून पुढे मोजायला माझ्याकडे काही नव्हतं. मी सणसवाडीचं अंतर पाहिलं. डोक्यावर भरला हंडा घेऊन माणूस किती सावकाश चालतं याचा अंदाज करत बसले. मग शंभूला फोन लावला.

"आईची उजवी बाजू गेली मॅडम," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणत्यात, हात आता उचलायचा न्हाई. तुम्ही येता का? ती सारकी तुमचं नाव काढती. नाव म्हंजी, पाण्याच्या बाई म्हणती."

मी सुट्टी टाकून गेले. कंपन्यांच्या मागे भाड्याच्या खोल्यांची रांग होती, प्रत्येक दारापुढे टँकरच्या पाण्याचं निळं पिंप. रंगाचा आणि गरम रबराचा वास. एका दारात कांदा चिरत बसलेला पोरगा म्हणाला, "किसको देखना है दीदी? शंभूभाई? आखिरी वाला, जिसका दरवाजा खुला है."

अनसाबाई दाराकडे तोंड करून कॉटवर होती. उजवा हात पोटावर कुणीतरी ठेवल्यासारखा पडला होता. मला बघून तिचे डोळे हलले, मग माझ्या पलीकडे, दारात, स्थिर झाले.

"सकाळधरनं आसंच," शंभू हळू म्हणाला. "डावा हात नुसता वर करती. म्हणती, एका हातानं कसा घिऊ? दार लावू देत न्हाई."

"बाई," अनसाबाई म्हणाली. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळत होते. "घ्या की वो. मान मोडली आसंल पोरीची."

शंभूनं तोंड फिरवलं.

आजारी माणसाचं मन राखायला हात वर करणं, यात काय जातं, असा मी विचार केला. मी उंबऱ्यापाशी गेले. बाहेर भर दुपार होती, गल्ली रिकामी होती, उन्हात पिंपांच्या सावल्या आखूड झाल्या होत्या. वीस वर्षांच्या मुलीचं डोकं असेल तेवढ्या उंचीवर मी दोन्ही हात नेले.

तळव्यांना गार लागलं.

"आदी वरची कळशी," अनसाबाई मागून म्हणाली. "मग हंडा."

मी कळशी खाली ठेवली आणि पुन्हा हात वर केले.