पंधरा वाजून दहा मिनिटांचं सर्टिफिकेट

नॉर्थ बॅटलफर्डच्या हॉस्पिटलमधल्या तंत्रज्ञाने सोमवारी सकाळी कंपनीला फोन केला. औषधाच्या पंपावर त्याला एक ओळ दिसली होती : ‘फक्त चाचणीसाठी. बाहेर पाठवू नये.’

"हा पंप पेशंटच्या दंडाला लावलाय," तो म्हणाला. "चाचणी चाललीय ती कोणाची, त्याची?"

सस्काटूनच्या त्या कंपनीत अंतर्गत चौकशीचं काम व्हर्ना फ्रीसनकडे होतं. तो फोन तिच्याकडे आला.

पंपाने कोणाचा हुकूम ऐकायचा, हे त्यातलं सर्टिफिकेट, म्हणजे संगणकी ओळखपत्र, ठरवतं. खऱ्या सर्टिफिकेटची चावी, म्हणजे त्यामागचा गुप्त संकेत, तिजोरीत असते. ती वापरायला दोघांच्या सह्या आणि तीन दिवस लागतात. चाचणीची सर्टिफिकेटं टेस्टवाले दिवसाला दहा बनवतात आणि टाकून देतात. त्यांची चावी ऑफिसात कोणालाही मिळते. असल्या चावीवर विसंबणारे चाळीस पंप जानेवारीत बाहेर गेले होते. ती चावी ज्याच्या हाती, तो माणसाच्या नसेत जाणारं औषध दुप्पट करू शकत होता.

विभागप्रमुख कर्टिस आमुंडसनने गुन्हेगार तयारच ठेवला होता.

"लरिसा," त्याने कागद पुढे सरकवला. "बनवणाऱ्याचं नाव वाच. लरिसा हनात्युक. पंधरा जानेवारी, १५:१० जीएमटी. दुपारी तीन दहाला मी तिकडे रेजायना शहरात चाळीस लोकांपुढे बोलत होतो. विचार कोणालाही."

"हॉस्पिटलांना कळवलंस?"

"ते बघतो मी. तू हिचं बघ. शुक्रवारी काढतोय तिला."

लरिसा टेस्टवाल्यांपैकी, युक्रेनहून आलेली. तिचा इथे राहायचा परवाना याच नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की गाशा गुंडाळायचा. मुलगी इथल्या शाळेत तिसरीत होती.

"हे तू बनवलंस?" व्हर्नाने विचारलं.

"नाव माझं आहे. पण मी बनवलेलं प्रत्येक सर्टिफिकेट तीस दिवसांत मरतं. हे दहा वर्षांचं आहे. दहा वर्षं कोण चाचणी करतं?"

"त्या दिवशी कुठे होतीस?"

"सकाळी दाढ काढायला. बाराला आले, तोंडात कापूस कोंबून. अडीचनंतर रिलीजच्या, म्हणजे माल बाहेर सोडायच्या खोलीत होते, हेही खरं. तिथेच मारलं मला."

"कागदावरची वेळ बघितलीस?"

"आम्ही संपायची तारीख बघतो हो. तास कोण बघतं?"

सर्टिफिकेट बनवणारं यंत्र त्या एकाच खोलीत होतं. दाराच्या नोंदवहीत पंधरा जानेवारीला दोनच माणसं होती : कर्टिस, सकाळी नऊ दोन ते नऊ एकतीस; लरिसा, दुपारी दोन पन्नास ते चार. सकाळी फक्त कागद न्यायला गेलो होतो, असं कर्टिसने आधीच सांगून ठेवलं होतं.

"माझ्यासमोर एक बनव," व्हर्ना म्हणाली.

यंत्राने नाव विचारलं. चौकट रिकामी होती. लरिसाने नाव टाइप केलं, मुदत टाइप केली, बटण दाबलं. व्हर्नाने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मग छापलेला कागद, मग पुन्हा घड्याळ.

"दुसरं बनव."

चौकट पुन्हा रिकामी आली. व्हर्नाने दोन्ही कागद पर्समध्ये ठेवले आणि संचालक ग्लेनला गाठलं.

गुरुवारी सगळे ग्लेनच्या खोलीत जमले, लरिसासुद्धा. कर्टिस डोनट खात होता.

"कर्टिस, जीएमटी म्हणजे काय?"

"कसली तरी तांत्रिक अक्षरं."

"ग्रीनिचची वेळ. हे यंत्र तीच छापतं. आपण सस्कॅचवनचे. शेजारचे प्रांत वर्षातून दोनदा घड्याळं मागेपुढे करतात, आपण काट्याला बोट लावत नाही. म्हणून छापलेली वेळ आपल्याला आपलीच वाटते. परवा मी एक बनवून घेतलं. भिंतीवर अकरा वीस होते, कागदावर सतरा वीस. सहा तासांचा फरक. तुझ्या कागदावरून सहा काढ."

कर्टिसचं चावणं थांबलं.

"नऊ दहा," ग्लेन पुटपुटला.

"नऊ दहाला लरिसा दाताच्या डॉक्टरकडे तोंड वासून बसली होती. पावती आहे. त्या खोलीत तू होतास, एकटा. माल त्याच दिवशी जायचा होता. तिजोरीचे तीन दिवस तुला नको होते. तू चाचणीचं सर्टिफिकेट ठोकलंस, पुन्हा कटकट नको म्हणून दहा वर्षांचं, आणि रेजायनाला टाळ्या घ्यायला गेलास."

"घाईत झालं," कर्टिस म्हणाला. "तिचं नाव चौकटीत आधीचंच राहिलं असेल."

"राहत नाही. लागोपाठ दोनदा बघितलं. चौकट रिकामी येते. एकेक अक्षर दाबून तू तिचं नाव घातलंस. तेव्हा काही बिघडलंही नव्हतं, तरी बिघडलं तर कोणाला पुढे ढकलायचं हे तू ठरवून ठेवलं होतंस. नेमकी तीच निवडलीस, जिला भांडायची सोय नाही. शिसारी येते रे तुझी."

कर्टिसने बोटांची साखर पुसली. "ग्लेन, वीस वर्षं मी या कंपनीला..."

"तू घरी जा," ग्लेन म्हणाला. मग लरिसाकडे वळून हसला. "झालं गेलं विसरू या. नोकरी आहे, परवाना आहे. सोमवारपासून शांतपणे कामाला लाग."

लरिसा उभीच राहिली.

"ते पंप बंद कोणी केले?"

ग्लेनने कर्टिसकडे पाहिलं. कर्टिसने खिडकीकडे.

"कळवलंस ना हॉस्पिटलांना?" व्हर्नाचा आवाज चिरकला.

"कळवलं असतं तर लगेच बोंब झाली असती. चौकशी संपल्यावर कळवणार होतो."

"चार दिवस," लरिसा म्हणाली. "चार दिवस तुम्ही सगळे मला विचारताय, कोणी केलं, किती वाजता केलं. तुम्हीसुद्धा, व्हर्ना. चाळीस माणसं त्या नळ्यांना जोडलेली आहेत आणि तुम्ही माझी दाढ मोजताय!"

व्हर्नाला आता किळस आली ती स्वतःची. सोमवारी तिने एकदा विचारलं होतं, आणि ‘बघतो’ एवढ्यावर समाधान मानलं होतं.

"वकिलांना विचारून सोमवारी रीतसर पत्र पाठवू," ग्लेन म्हणाला.

व्हर्नाने त्याच्या टेबलावरचा फोन स्वतःकडे ओढला आणि नॉर्थ बॅटलफर्डचा नंबर लावला. लरिसा शेजारची खुर्ची ओढून बसली आणि बाकीच्या हॉस्पिटलांचे नंबर काढू लागली.

"हॅलो," व्हर्ना म्हणाली, "तो पंप आत्ता काढा. हो, मी थांबते."