पेजेची खूण

दुपारी बारापर्यंत रघुवीर नागवेकरांनी चौदा जणांच्या दाढा तपासल्या होत्या. मासळी बाजाराच्या वरच्या हॉलमध्ये एक टेबल, तीन खुर्च्या आणि शिलाई मशीनएवढं खूणयंत्र, एवढंच त्यांचं ऑफिस. खालून बांगड्याचा वास आणि कोळणींचा आवाज वर येत होता. जिन्यावर आंब्याच्या बागांतले आणि होड्यांवरचे नेपाळी कामगार ओळीने बसले होते.

नेपाळशी असलेला खुल्या सीमेचा जुना करार मोडून चार वर्षं झाली होती. त्यानंतर टीव्हीवर, विधानसभेत आणि पानाच्या टपऱ्यांवर एकच भांडण चालू राहिलं. बाहेरची माणसं नकोत म्हणणारे एका बाजूला, त्यांच्यावाचून चालणार नाही म्हणणारे दुसऱ्या बाजूला. शेवटी पाहुणा कामगार कायदा आला. बाहेरच्या माणसाने एका मालकाच्या नावावर, सरकारी यादीतलंच काम, तीन वर्षं करायचं आणि परत जायचं. जो इथेच जन्मला आणि इथेच वाढला, तो रहिवासी. ते ठरवायला कागद चालत नव्हते, कारण कागद खोटे करता येतात. दात खोटे करता येत नाहीत, असं कायद्याच्या बाजूचे लोक सांगत.

"पुढचा नंबर," नागवेकर म्हणाले.

आत तिघं आले. पुढे बागायतदार दिगंबर शेट्ये, मागे त्यांच्या बागेतली मनकुमारी आणि तिची एकोणीस वर्षांची मुलगी सृजना. सृजनाच्या खांद्याला नर्सिंग कॉलेजची बॅग होती.

"काय नागवेकर, आज किती दाढा?" शेट्ये खुर्चीत बसत म्हणाले. "जरा लवकर उरका हो. मोहर आलाय आणि माझी फवारणी खोळंबलीय. सगळी माणसं तुमच्या जिन्यावर."

"बाहेरची माणसं नकोत म्हणणाऱ्या सभेत तुमचंच भाषण ऐकलं होतं मी. टाळ्या मोठ्या मिळाल्या."

"भाषण वेगळं, फवारणी वेगळी," शेट्ये हसले. "आणि ही पाहुणी ठरली तरी काळजी नाही. माझ्या नावावर घेतो. तीन वर्षं बागेत राहील आईबापाजवळ."

"मला बागेत नाही राहायचं, शेट," सृजना म्हणाली. "एप्रिलमध्ये माझी शेवटची परीक्षा आहे."

"अगं, पण नर्सचं काम यादीत नाही, त्याला मी काय करू?"

नागवेकरांनी मुलीला समोर बसवलं. तोंड उघडायला सांगितलं आणि लेसरची कांडी तिच्या पहिल्या दाढेवर टेकवली. दुखत नाही, फक्त टिक असा आवाज होतो. धुळीच्या कणाएवढं कवच यंत्रात गेलं.

"हे नक्की काय मोजतं, सर?" तिने विचारलं. बाकी कोणी कधी विचारत नसे.

"प्रत्येक ठिकाणच्या खडकात स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य असतं. त्यात हलके आणि जड अणू असतात, आणि त्यांचं प्रमाण जागोजागी वेगळं. ते पाण्यात उतरतं, धान्यात उतरतं, मग माणसात. ही दाढ जन्मापासून तिसऱ्या वर्षापर्यंत घडते. एकदा घडली की तिचं कवच बदलत नाही. त्या तीन वर्षांत तू कुठल्या मातीतलं खाल्लंस, ते तिथे कायमचं राहतं. आम्ही त्याला जलखूण म्हणतो."

"मग काही प्रश्नच नाही. मी बागेतल्या खोपटात जन्मले. विहिरीचं पाणी प्यायले."

यंत्राने चार मिनिटं घेतली. पडद्यावर आकडा आला आणि त्याखाली नकाशा. नकाशावर कोकण कोरं होतं. लाल ठिपका पश्चिम नेपाळच्या डोंगरात होता.

नागवेकरांनी कांडी पुसली आणि पुन्हा मोजलं. ठिपका तिथेच राहिला.

"अछाम दाखवतंय," ते म्हणाले.

"मी अछाम पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते!"

"बाई," नागवेकर मनकुमारीकडे वळले. पंचवीस वर्षं कोकणात राहिलेल्या त्या बाईला मराठी नीट कळत होतं. "ही लहान असताना हिला काय भरवायचात?"

मनकुमारीने मुलीकडे पाहिलं, मग शेट्येंकडे. "कोदोची पेज, साहेब. कोदो म्हणजे तुमची नाचणी."

"इथली?"

"नाही, आमच्या शेतातली. दिवाळीच्या आधी माणसं गावाहून परत येतात, तेव्हा सासू त्यांच्याबरोबर पोतं पाठवायची. दूध फार येत नव्हतं मला. दिवसातून तीन वेळा पेज द्यायचे. इथली पण मिळत होती. पण मला वाटायचं, पोरीच्या जिभेवर आपल्या गावाची चव राहू दे."

नागवेकरांनी पडद्यावरचा आकडा पुन्हा पाहिला. नाचणीत कॅल्शियम भरपूर, आणि त्याच्या मागोमाग स्ट्रॉन्शियमही. विहिरीचं पाणी त्यापुढे कुठे दिसणार! यंत्र चुकलं नव्हतं. त्याने पेज मोजली होती.

नागवेकरांच्या स्वतःच्या मुलालाही नाचणीचं सत्त्व भरवलं होतं. बायकोच्या, सुलभाच्या माहेराहून, कारवारहून, तिची आई डबे भरून पाठवायची. इथे गिरणी दोन मिनिटांवर होती, तरी सुलभाला तिकडचंच लागायचं. मुलगा आता मुंबईत होता. त्याच्या दाढा कोणी तपासायला मागितल्या नव्हत्या. आणि ज्या सुलभाला विचारायचं, की एवढ्या लांबून डबे कशाला आणलेस, ती जाऊन आठ महिने झाले होते.

"मग नोंदवा पाहुणी," शेट्ये म्हणाले. "माझी सही कुठे लागते?"

"थांबा."

नागवेकरांनी पडद्यावरचा दुसरा रकाना उघडला. निकाल रोखायला तीनच कारणं चालत. कामगाराचा नकार लिहिला तर पोलीस आले असते. यंत्रात बिघाड लिहिला, तर यंत्राने दहा मिनिटांत तो खोटा ठरवला असता. तिसरं कारण होतं, नमुना अशुद्ध. त्यात सहा महिन्यांनी पुण्याला फेरतपासणी, आणि तोपर्यंत शिक्षण चालू. त्यांनी तिसरं निवडलं. अशुद्धीचा खुलासा लिहिल्याशिवाय यंत्र पुढे जात नव्हतं. ते एका बोटाने टाइप करू लागले.

सृजना पडद्याकडे पाहत होती. "आईने परकं धान्य भरवल्यामुळे नमुना अशुद्ध," तिने वाचलं. "सर, असं नका लिहू."

"दुसरं काही चालत नाही, बाळ."

"पण तिने काय विष घातलं मला?"

"परीक्षा एप्रिलमध्ये आहे ना?"

तिने मान हलवली.

"पुण्याला तरी काय होणार?" शेट्ये म्हणाले. "दाढ तीच, आकडा तोच."

"माहीत आहे," नागवेकर म्हणाले. "सहा महिने मिळतील. माझ्या हातात तेवढंच आहे."

छापलेला कागद बाहेर आला. खाली मातेची कबुली अशी ओळ होती आणि सहीसाठी जागा. मनकुमारीला मराठी वाचता येत नव्हतं; तिने कागद मुलीपुढे धरला. सृजनाने नेपाळीत हळूहळू सांगितलं. सांगताना ती दोनदा थांबली. मनकुमारीने सगळं ऐकून घेतलं, पेन मागितलं आणि शाळेतल्या मुलीसारखी एकेक अक्षर काढत सही केली.

शेट्ये जिना उतरून गेले. सृजनाने बॅग उचलली. मनकुमारी मात्र टेबलापाशीच उभी राहिली.

"अजून काही राहिलं का, बाई?"

"माझी सून सातव्या महिन्यात आहे, साहेब. तिथेच, बागेत," ती म्हणाली. "सासू म्हातारी झाली, तरी या दिवाळीला तिने पोतं पाठवलंय. खास नातवंडासाठी, हाताने निवडून." तिने जिन्याकडे, रांगेतल्या माणसांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुम्ही शिकलेले आहात. तुम्हीच सांगा, त्या बाळाला मी काय भरवू?"