भारा उचलू लाग गं

ही गोष्ट खरी आहे. माझी वत्सलामामी अजून हयात आहे. तिच्या मानेवर, मागच्या बाजूला खड्डे आहेत. बोटाचं टोक आत जाईल एवढे खोल. डावा हात खांद्याच्या वर जात नाही. ज्याला पटत नसेल त्याने माझ्याबरोबर यावं, मी घेऊन जाईन.

फक्त तिला त्या संध्याकाळबद्दल विचारू नका.

साल १९९९. दिवाळी नुकतीच सरली होती. मी अकरावीत होते. वडील सातपूरला कंपनीत कामाला, त्यामुळे आम्ही नाशिकला राहायचो. पण दिवाळीची सुट्टी म्हणजे मामाचं घर. पेठच्या पुढे, डोंगरात एक पाडा आहे. नाव लिहीत नाही, आमची माणसं अजून तिथे राहतात. घरात सगळे कोकणी बोलतात, गोव्याची नव्हे, आमची डोंगरातली बोली. इथे मी सगळ्यांना कळेल असं लिहितेय.

दिवाळीनंतर तिकडे गवत कापायचे दिवस असतात. माळावर गवत माणसाच्या डोक्याएवढं वाढलेलं असतं, पिवळं पडलेलं. बाया सकाळी विळे घेऊन वर जातात आणि दिवस कलला की भारे डोक्यावर घेऊन उतरतात.

हा भारा एकटीला डोक्यावर घेता येत नाही. दुसऱ्या कोणीतरी हात लावावा लागतो. म्हणून भारा बांधून झाला की बाई हाक मारते.

"भारा उचलू लागा गं..."

जो जवळ असेल तो जातो. ओळख असो नसो. भांडण असलं तरी जातो. त्या हाकेला कोणी नाही म्हणत नाही.

चिमणाबाई मामीची शेजारीण. विधवा, मूलबाळ नाही. दिराच्या, म्हणजे गोटीरामच्या घराला लागून तिचं घर. ती आणि मामी एकाच वर्षी लग्न होऊन पाड्यात आलेल्या. एकमेकींच्या डोक्यावर त्यांनी किती भारे चढवले असतील, त्याला हिशोब नाही.

वाघबारशीच्या, म्हणजे वसुबारशीच्या दुसऱ्या दिवशी चिमणाबाई एकटीच माळावर गेली. संध्याकाळी तिची हाक खाली पाड्यात ऐकू आली. बऱ्याच जणांनी ऐकली. ज्याला त्याला वाटलं, वर कोणीतरी असेल, जाईल.

हाक बराच वेळ येत होती.

मग थांबली.

सकाळी गोटीराम आणि माझा मंगळूमामा तिला शोधायला गेले. भारा नीट बांधलेला होता. वर डोक्यावर घ्यायची चुंबळ ठेवलेली. ती बसली होती तिथलं गवत दबलेलं. आणि तिथून खाली ओहळाकडे रक्ताचा पट्टा गेलेला...

ओहळात ती सापडली. गळा फाडलेला. एक मांडी हाडापर्यंत खाल्लेली. तोंडाला मात्र ओरखडासुद्धा नव्हता. ते उघडं होतं. हाक मारताना असतं तसं.

बिबट्या होता. तिकडे त्यालाही वाघच म्हणतात. वनखात्याने पिंजरा लावला, आत शेळी बांधली. बिबट्या फिरकलाच नाही.

त्याला शेळी नको होती.

दिवाळी झाली आणि गोटीराम गेला.

तो पेठच्या बाजारातून परत येत होता. सोबत पाड्यातले दोघं होते. दिवस मावळायला आला होता, पण वाट स्वच्छ दिसत होती. चालता चालता गोटीराम थांबला. माळाकडे बघून म्हणाला, "आलो, आलो." आणि गवतात शिरला.

त्या दोघांना कुठलीच हाक ऐकू आली नव्हती.

त्यांना ऐकू आली ती गोटीरामची किंकाळी. दगड मारत, ओरडत ते धावले तेव्हा बिबट्या त्याच्या पाठीवर होता. डोक्याची कातडी मागून सोलून पुढे डोळ्यांवर आली होती.

त्याला जीपमधून नाशिकला न्यायला निघाले. मामा बरोबर होता. गोटीरामचं डोकं मामाच्या मांडीवर होतं. सावळघाटात तो एकदाच शुद्धीवर आला.

"वहिनीचा भारा व्हता," तो म्हणाला. "उचलाया वाकलो. मंगळू... भारा गरम व्हता रं."

घाट संपायच्या आत तो गेला.

मामाने हे घरी येऊन मामीला सांगितलं. मी चुलीपाशी बसून ऐकत होते. मामीचे हात पिठात तसेच राहिले.

तुम्ही म्हणाल, मग माळावर गेलातच कशाला? गुरं काय खाणार? पुढचा सगळा उन्हाळा त्या गवतावर काढायचा असतो. सगळ्या बाया मिळून जायच्या, डबे वाजवत जायच्या आणि ऊन असतानाच उतरायच्या. मीही मामीबरोबर जात होते.

त्या दिवशी उतरताना माझ्या टाचेत काटा मोडला.

बाकीच्या पुढे होत्या. मामीने डोक्यावरचा भारा खाली टाकला, मला दगडावर बसवलं आणि विळ्याच्या टोकाने काटा काढू लागली. वेळ लागला. काटा निघाला तेव्हा ऊन डोंगराच्या टोकावर गेलं होतं. पुढच्या बायांच्या डब्यांचा आवाज येईनासा झाला होता.

"भारा राहू दे इथंच," मामी म्हणाली. "चल झपझप."

आम्ही निघालो. थोडं चाललो असू. मग माझ्या लक्षात आलं...

रातकिडे बंद झाले होते.

पाखरं नाहीत. वारा नाही. गवताचं एक पातं हलत नव्हतं.

आणि मागून आवाज आला.

"वच्छे..."

मामीला वच्छी म्हणणारी पाड्यात एकच बाई होती.

"वच्छे, भारा उचलू लाग गं..."

मामीने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की हाडाला लागलं. "ओ द्यायची नाय," ती म्हणाली. "मागं बघायचं नाय. आणि काय बी झालं तरी खाली वाकायचं नाय. बसलेलं, वाकलेलं माणूस त्याला जनावर वाटतं."

आम्ही चालत राहिलो. हाक पुन्हा आली. या वेळी डावीकडून.

मग उजवीकडून.

मग समोरून... अगदी हळू. शेजारी बसून बोलावं तशी.

वाट वळली आणि आम्ही थांबलो.

वाटेच्या मधोमध भारा होता. नीट बांधलेला. वर चुंबळ.

मी तो भारा बघितलाय. आज कोणी काहीही म्हणो.

"मामी, बाजूनं जाऊ," मी म्हणाले. मामी हलली नाही.

"लय वेळ झाला गं बसून," आवाज म्हणाला. रडवेला होता. "कोणीच आलं नाय."

मामीच्या तोंडातून हुंदका फुटला. मी तिला तोपर्यंत कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"मला ऐकू आलं व्हतं, चिमणे," ती म्हणाली. "चुलीवर भाकर व्हती. मला वाटलं, दुसरं कोणी जाईल."

आणि माझं मनगट सोडून ती भाऱ्यापाशी गेली.

आणि वाकली.

बिबट्या कुठून आला ते मला दिसलं नाही. फक्त धप्पकन आवाज झाला, धान्याचं पोतं पडावं तसा. मामी तोंडावर पडली. तो तिच्या पाठीवर होता आणि तिची मान त्याच्या जबड्यात होती. गुरगुरत नव्हता. नाकातून फुसफुस श्वास सोडत होता, कामात असलेल्या माणसासारखा.

माझ्या हातात विळा होता. मी मारला. खांद्यावर लागला, त्याने मान वळवलीसुद्धा नाही. मी पुन्हा मारला. विळा त्याच्या कानाखाली रुतला आणि तिथेच अडकला. त्याने एक पंजा फिरवला. माझा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाटला आणि मी मागे फेकली गेले. रक्त माझ्या तोंडावर उडालं. माझंच होतं.

तो मामीला ओढू लागला. मामीची बोटं मातीत रुतली होती. तिच्या गळ्यातून गुळण्या केल्यासारखा आवाज येत होता. मी ओरडत होते, पण मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता.

मग बिबट्या थांबला.

त्याने मामीची मान सोडली आणि मागे बघितलं. कान डोक्याला चिकटवले. मारणाऱ्यासमोर कुत्रं करतं तसं अंग आकसलं.

आणि तो मागे ओढला गेला...

तो पळाला नाही. त्याचं तोंड आमच्याकडे होतं, पुढचे पंजे माती धरून होते आणि कोणीतरी त्याला मागचे पाय धरून खेचत होतं. खेचणारं मला काही दिसलं नाही. तो ओरडत होता. बिबट्या असा ओरडतो हे मला माहीत नव्हतं. गवत दुभंगत गेलं, थेट कड्यापर्यंत. मग काहीतरी मोडल्याचा आवाज आला. सुकी फांदी मोडावी तसा, एकदा, आणि पुन्हा.

नंतर सगळं गप्प झालं.

माझ्या ओरडण्याने मामा आणि माणसं टेंभे घेऊन धावत आली. मामी जिवंत होती. धोतर फाडून तिची मान बांधली आणि त्याच संध्याकाळी तिला जीपमध्ये घातलं. वाटेवर भारा नव्हता. गवताची काडीसुद्धा नव्हती.

सकाळी बिबट्या कड्याखाली मेलेला सापडला. पाठीचा कणा मोडलेला. कानाखाली माझा विळा तसाच. वनखात्याचा माणूस म्हणाला, विळा लागल्यावर बिथरला आणि पळताना कड्यावरून पडला.

असेल तसंही.

पण मामाने ती जागा पाहिली होती. वाटेपासून कड्यापर्यंत मातीत नखांच्या खोल रेघा होत्या. पळणाऱ्या जनावराच्या रेघा अशा पडत नाहीत, एवढंच तो म्हणाला.

पाड्यात सगळ्यांनी ठरवून टाकलं की चिमणाबाईने मैत्रिणीला वाचवलं. त्या माळावर तिच्या नावाने नारळ फोडला. मलाही तसंच वाटायचं. बरं वाटायचं.

२००७ मध्ये माझ्या बाळंतपणाला मामी नाशिकला येऊन राहिली. एक दिवस दुपारी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. बाळ झोपलं होतं. बाहेर लख्ख ऊन होतं. मी सहज म्हणाले, "मामी, त्या दिवशी चिमणामावशीनं त्याला ओढलं म्हणून तू वाचलीस."

मामीचे हात थांबले.

"ती नव्हती ओढत," ती म्हणाली. "ती माझ्याजवळ बसली व्हती. माझं डोकं मांडीवर घेऊन."

"मग ओढत कोण होतं?"

"मला नाय दिसलं. चिमणीनं माझे डोळे हातानं झाकले व्हते. बघू नको म्हणली." मामीने मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली. मग हळूच म्हणाली, "मेलेली बाई ती. तिला आता कशाचं भ्याव? पण तिचे हात थरथरत व्हते गं."

त्यानंतर मी हा विषय तिच्याजवळ कधी काढला नाही.

त्या संध्याकाळी माझे डोळे मात्र कोणी झाकले नव्हते.

मी वर लिहिलंय, खेचणारं मला काही दिसलं नाही.

ते तसंच राहू द्या.