शालूवन्संचा वाटा

गडमुडशिंगीत एक धोंडुबाई राहत होती, तिची नात निशिगंधा, नातसून अवंतिका आणि कधीच न दिसणारी एक नणंद. धोंडुबाई म्हणजे मीच. नणंद शालूबाई. माहेरी बाळंतपणाला आली आणि बाळासकट गेली. तिच्यासाठी केलेले डिंकाचे लाडू डब्यात तसेच राहिले. तेव्हापासून आमच्यात डिंक दिसला की आधी म्हणायचं, “वन्सं, तुमचा वाटा घ्या.” मग आपण हात लावायचा.

त्या दिवशी मी निशीचा डबा घेऊन कोल्हापूरला गेलते, तिच्या प्रयोगशाळेत. तिथं बाभळीच्या रोपाला काचेच्या पेटीत किरणांची खूण लावलेली हवा देतात. ती खूण डिंकात उतरते. तो डिंक उंदराला चारायचा आणि टिकटिकणारं यंत्र फिरवून बघायचं, अंगात कुठं कुठं गेला. निशीनंच सांगितलेलं.

“आज्जी, दारातच थांब हं.”

थांबले. लांबूनच बशीत डिंकाचा खडा दिसला, आणि सवयीनं तोंडातून गेलंच, “वन्सं, तुमचा वाटा घ्या.”

“कुणाशी बोलतीस गं?” निशी हसली. मी आदल्या दिवशीचा रिकामा डबा घेतला आणि बसनं घरी आले.

दिवेलागणीला ती धापा टाकत आली. हातात यंत्र.

“डबा कुठाय? वहिनीनं त्यातनं काय खाल्लं?”

“रिकामा तर हुता. घासून पालथा घातलाय. झालं काय?”

“बशीतला खडा न्हाय, आज्जी. कुठंच न्हाय. डब्याला चिकटून आला असला तर...”

अवंतिकाला आठवा लागलेला. मागचं बाळ हाती लागलं नव्हतं. ती पोटावर हात धरून भिंतीला टेकली.

यंत्र डब्यावरून फिरलं. गप्प. माझ्या हातांवरून. गप्प. अवंतिकाच्या पोटावरून निशीनं ते दोनदा फिरवलं. गप्प.

आणि मधल्या खोलीच्या कोपऱ्यात यंत्र बोलायला लागलं. मोकळा कोपरा. शालूवन्संची बाज तिथंच असायची. भिंतीला लावलं, गप्प. फरशीला लावलं, गप्प. बसलेल्या बाईचं तोंड येईल तेवढ्याच उंचीवर टिक... टिक...

“हवेत कसं...” निशी पुटपुटली.

आवाज खाली सरकला. गळ्याशी. पोटाशी. तुपात फुललेल्या डिंकाचा वास सुटला. मग आवाज परत वर, छातीशी येऊन थांबला. निशीनं यंत्र मांडीच्या उंचीवर नेलं. तिथंही बारीक, घाईघाईची टिकटिक.

“आज्जी... दुधात उतरलाय.”

“मग पिऊ दे की बाळाला,” मी म्हणाले. “बंद कर ते.”

खरं काय झालं, मला अजून उमगत नाही. निशीलाही नाही.

पण अवंतिका सुखरूप मोकळी झाली. गुटगुटीत लेक झाली, गल्लीभर जिलेबी वाटली. आई अजून आतच होती, पोरीला छातीशी घेतलंही नव्हतं, तेव्हा नर्सबाईनं ती माझ्या मांडीवर दिली. झोपेतच तिनं ढेकर दिला. ओठांना दूध लागलेलं होतं, आणि त्याला डिंकाचा वास होता.